शिळावर्तुळे आणि मातीची घरे

प्राचीन वास्तुकला म्हटली की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे मिसरचे पिरॅमिड अथवा मोहेंजोदडोचे महास्नानगृह उभे राहते. परंतु आपल्या अंबरपेठेपासून फार दूर नसलेल्या मौला अली व हशमतपेठ येथेही दख्खनच्या आद्य बांधकामाच्या खुणा आढळल्या आहेत. लोहयुगीन समाजाने दफनाच्या जागी मोठमोठ्या शिळा वर्तुळाकार मांडल्या. अशा दफनांत अस्थी, मृद्भांडी व लोखंडी हत्यारे सापडतात. यांसच महापाषाणीय स्मारके म्हणतात.

मृतांसाठी पाषाण वापरला, तरी जिवंतांची घरे बहुधा माती-लाकडाचीच असत. ती टिकली नाहीत. तशा घरांचा वेध घ्यावयाचा तर पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावाकडे वळावे लागते. ही वसाहत त्याहूनही जुनी, ताम्रपाषाणयुगीन. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. इ. स. पू. १४०० ते १००० या काळातील घरे ऐसपैस व चौकोनी, भिंती कुडाच्या. पुराचे पाणी शेतीकडे वळविण्यास कालवाही होता. पुढे तेथेच लहान गोल झोपड्या आल्या. पर्जन्यमान घटून शेती खालावली, असा त्याचा अर्थ डॉ. म. के. ढवळीकर यांनी लावला. खांबांच्या खळग्यांवरून व सारवलेल्या जमिनीवरून एवढा इतिहास उलगडला!

दक्षिण तेलंगणातील मुडुमाल येथील उभ्या शिळांचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत झाला. मात्र शिळा एकदा जागेवरून हलविली की तिच्याखालील पुरावा मोडतो. संग्रहालयात तो पुन्हा जुळत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी हे अवशेष पाहावेत, त्यांची रेखाटने करावीत. हलवू मात्र नयेत आणि कोणास हलवू देऊ नयेत.