आशिकागाच्या उतारावरील द्राक्षमळा

जपानच्या तोचिगी प्रांतात आशिकागा नावाचे शहर आहे. त्याच्या सीमेवरील एका डोंगराचा उतार सुमारे 38 अंशांचा. जेथे माणसाला उभे राहणेच कठीण, तेथे यंत्र कसचे चालणार! बुद्धीची वाढ मंदावलेल्या मुलांना नुसते जपून ठेवण्यापेक्षा खरे काम द्यावे, अशा विचाराने नोबोरू कावादा या शिक्षकाने 1958 साली आपल्या विद्यार्थ्यांसह तो उतार साफ करून तेथे द्राक्षवेली लावल्या. 1969 साली तेथेच ‘कोकोरोमी’, म्हणजे प्रयत्न, या नावाची निवासी संस्था उभी राहिली.

या मळ्यात तणनाशक कधीच पडले नाही. तण हातांनी निघते. कावळ्यांना हाकलण्यासाठी कोणी दिवसभर डबा बडवीत बसतो. धर्मादाय संस्थेला मद्याचा परवाना मिळेना, तेव्हा पालकांनी पैसे घालून 1980 साली ‘कोको फार्म’ ही स्वतंत्र कंपनी काढली. परवाना मिळाला 1984 साली. 1989 साली आलेले अमेरिकन तज्ज्ञ ब्रूस गटलव्ह यांनी द्राक्षांच्या सालीवर मुळातच असणाऱ्या किण्वांवर भिस्त ठेवली. विकतचे किण्व लवकर व हमखास काम करते. रानटी किण्व सावकाश चालते, कधी दगाही देते. त्याच्यापाशी राखण करीत बसावे लागते.

मद्याची थोरवी गाण्याचा हा प्रसंग नव्हे. तरीही 2000 सालच्या ओकिनावा शिखर परिषदेत राष्ट्रप्रमुखांच्या मेजवानीला याच मळ्याचे फेसाळ मद्य होते, हे नमूद केले पाहिजे. त्या मद्याचा गाळ बुचाशी उतरावा म्हणून बाटल्या दररोज थोड्याथोड्या फिरवाव्या लागतात. ते काम कोकोरोमीतील माणसे करतात, हातांनी.