परदेशी तणावर परदेशी भुंगा

नांदेडहून लातूरला जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे लागतात. पावसाळ्यात या रस्त्याने जा, दोन्ही कडेला बारीक पांढऱ्या फुलांचे गाजरगवत कमरेएवढे वाढलेले दिसेल. आमच्याकडे त्याला काँग्रेस गवत म्हणतात. माझी आई खुरपणीत हे गवत हाताने उपटायची आणि रात्री खोबरेल तेल लावून हात चोळत बसायची. कोपराच्या खोबणीतली तिची कातडी काळी, जाड झाली ती कायमचीच. तेव्हापासून या गवताचा इतिहास शोधण्याचा मला नाद लागला.

गाजरगवत मूळचे मेक्सिकोच्या बाजूचे. १९५५ मध्ये ते पुण्यात आढळले आणि १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या 'पीएल-४८०' गव्हाबरोबर ते आले, असे आपण सर्रास म्हणतो. पण त्या योजनेतला भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. म्हणजे करारापूर्वीच गवत उगवले होते! १९५१ मध्येही अमेरिकेने आपल्याला कर्जाऊ गहू दिला होता. बी कदाचित त्यातून आले असेल.

कसेही येवो, एका झाडाला हजारो बिया धरतात, जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत आणि मायदेशात त्याला खाणारे किडे इथे नव्हते. मग ते किडेच आणावेत, असा विचार पुढे आला. तसा तो जुनाच. १७९५ च्या सुमारास लाल रंगासाठी ब्राझीलहून आणलेला कोचिनील किडा भलत्याच जातीचा निघाला. रंग मिळाला नाही, पण त्याने निवडुंगाची बने फस्त केली. पुढे १८३६ ते १८३८ दरम्यान तो मुद्दाम दक्षिणेत नेऊन सोडण्यात आला.

गाजरगवतासाठी झायगोग्रामा नावाचा भुंगा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणला गेला. चाचण्यांनंतर १९८४ मध्ये तो मोकळा सोडला. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा छोटा भुंगा आणि त्याच्या अळ्या, दोघेही गाजरगवताची पाने खातात.

काही वर्षांतच कर्नाटकात हा भुंगा सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि एकच गहजब झाला. सूर्यफूल आणि गाजरगवत एकाच कुळातले. त्या काळी लातूरकडे सूर्यफूल हे हुकमी पैशाचे पीक होते. इथल्या गळीतधान्य संशोधन केंद्रात त्याचे संकरित वाणही तयार झाले. तण मारायला आणलेला किडा पीक खाऊ लागला, तर दाद कोणाकडे मागायची? सोडलेला किडा काही परत बोलावता येत नाही. म्हणून शेतकऱ्याच्या या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही.

केंद्र सरकारने चौकशी समिती नेमली, नवे भुंगे सोडणे थांबले. के. पी. जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उलगडा झाला तो असा : शेजारच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडतात आणि त्यामुळे भुंगा फसतो. सूर्यफुलाच्या शेतात त्याची वीण मात्र टिकत नाही. शंका फिटली, मग भुंग्यांची वाट मोकळी झाली. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठानेही ते वाढवून शेतकऱ्यांना दिले.

आज लातुरात सूर्यफुलाची जागा सोयाबीनने घेतली आहे, गाजरगवत मात्र आहेच. भुंगा पावसाळ्यात काम करतो आणि बाकीचे महिने जमिनीत झोपतो. पाऊस लांबला की तो उशिरा उठतो; तोवर गवत पुढे गेलेले असते. म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकून चालणार नाही. फुले येण्याआधी, हातमोजे घालून, गवत मुळासकट उपटलेच पाहिजे. फक्त उपटण्यापूर्वी पान उलटून पाहा. खाली पिवळसर अंडी किंवा अळ्या दिसल्या, तर तेवढी झाडे राहू द्या. आईच्या हातांचे काम थोडे तरी तो भुंगा करील.