चिखलांतील परचक्र

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु एखाद्या खाडीच्या चिखलालाहि इतिहास असतो, आणि त्यांतहि शत्रु, आश्रित व परचक्र हीं सारीं असतात. आज अशाच एका चिखलाची हकीकत मीं आपणांस सांगावयाची आहे.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या खाड्यांत, निळसर रंगाचा एक झिंगा बिळें करून राहतो. १८५२ सालीं जेम्स डेना या अमेरिकन शास्त्रज्ञानें प्युजेट आखातावरून त्याला शास्त्रीय नांव दिलें. प्राणी वीतभरहि लांब नाहीं. पण कारागीर मोठा. इंग्रजी 'वाय' अक्षरासारखें बीळ खोदून तो त्याच्या भिंती लिंपतो, पोटाखालचे पाय वल्ह्यांप्रमाणें हालवून पाणी आंत ओढतो आणि त्यांतील सूक्ष्म जीव गाळून खातो. बारीक खेकडे त्याच्या बिळांत बिऱ्हाड करतात. एक इवलासा शिंपला तर त्याच्या पोटालाच चिकटून जन्म काढतो.

अशा या गृहस्थावर संकट आलें तें कालवांमुळें. वॉशिंग्टन संस्थानांतील विलापा खाडींत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जपानांतून कालवें आणून त्यांचा मोठा धंदा उभा राहिला. झिंगे चिखल पोखरून भुसभुशीत करीत. कालवें त्यांत रुतून गुदमरत. धंदेवाल्यांची पोटें त्यांवर अवलंबून, तेव्हां त्यांचा संतापहि खोटा नव्हता. १९६३ पासून तेथें कार्बारिल नांवाचें कीटकनाशक फवारण्यांत येऊं लागलें. हा निळा झिंगा आणि त्याचा पांढुरका भाऊबंद, दोघेहि शत्रु ठरले.

पण खरें परचक्र निराळ्याच वाटेनें आलें. १९८८ मध्यें या झिंग्याच्या कल्ल्यांशेजारीं बसून त्याचें रक्त शोषणारें एक बांडगूळ विलापा खाडींत आढळलें. २००४ सालीं त्याला शास्त्रीय नांव मिळालें. पुढें तें मूळचें आशियांतील असल्याचें दिसून आलें. जहाजाचा तोल राखण्यासाठीं तळांत भरलेल्या पाण्याबरोबर तें बहुधा समुद्र ओलांडून आलें असावें.

त्याची मारण्याची रीतहि विलक्षण आहे. झिंगा तत्काळ मरत नाहीं. मात्र मादी अंडीं घालीनाशी होते. घर उभें, घरधनीहि जिवंत, पण पाळणा हालत नाहीं! अशा रीतीनें कित्येक खाड्यांतून हा झिंगा नाहींसा झाला. विलापा खाडींतहि त्याच्या वसाहती ओसाड पडल्या.

ज्याचा उच्छेद करण्यासाठीं माणसानें विष फवारलें, त्याला वांचवावें कसें, याचा विचार आज शास्त्रज्ञांना करावा लागत आहे. कारण तो एकटा जात नाहीं. त्याच्या पोटाला चिकटलेल्या त्या शिंपल्यानें कोणाचें कांहींच बिघडविलेलें नव्हतें. पण त्याचेंहि घर त्याबरोबर जात आहे.