निरोप दिला, पण पोंचला काय?

श्रोतेहो, इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि राज्याभिषेक हेच आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. आज मी आपणांस एका अगदीं साध्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहें : आजारी वृद्धाच्या उशाशीं बसलेल्या माणसाचा निरोप ऐन वेळीं योग्य जागीं पोंचतो कीं नाहीं, याचा.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धांतील तिच्या दिव्याची गोष्ट आपण शाळेंत वाचली. पण १८५९ सालीं तिनें परिचर्येवर जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांतील तिसरें प्रकरण फारसें कोणाच्या स्मरणांत नसतें. त्याचा विषय व्यवस्था हा आहे. बाईंच्या मतें, आपण हजर असतांना जें नीट होतें तें आपल्या पश्चातही होईल अशी तजवीज केली नाहीं, तर बाकीची सारी शुश्रूषा वायां जाऊं शकते.

पुढें रुग्णालयें वाढलीं, आणि डॉक्टर व परिचारिका यांच्यामध्यें एक प्रकारचा दरबारी रिवाज शिरला. १९६७ सालीं लेनर्ड स्टाइन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानें एका निबंधांत त्याचें मार्मिक वर्णन केलें. परिचारिकेला उपाय सुचलेला असतो, पण तो आपण सुचविल्याचें तिनें दिसूं द्यावयाचें नाहीं. आणि डॉक्टरनें सल्ला मागितल्याचें दिसूं द्यावयाचें नाहीं. सुनेनें सासऱ्यांना थेट न सांगतां मुलाच्या निमित्तानें सुचवावें, तसलाच हा प्रकार! एरवीं ही मर्यादा शोभते. प्राणांवर बेतलें असतां तीच घातक ठरते.

वृद्धांच्या शुश्रूषागृहांत तर निरोपाची साखळी आणखी लांबते. तेथें रात्रीं डॉक्टर बहुधा हजर नसतो. आजोबा आज जेवले नाहींत, त्यांचें बोलणें अडखळतें आहे, हें प्रथम दिसतें तें त्यांचें अंग पुसणाऱ्या मदतनिसाला. तो परिचारिकेला सांगणार, ती टेलिफोनवरून डॉक्टरला सांगणार, आणि मग रुग्णवाहिका येणार. प्रत्येक सांध्याशीं निरोपांतला थोडा थोडा जीव जातो.

यावरील एक उपाय अनपेक्षित ठिकाणाहून आला. अमेरिकन आरमाराच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांत संदेश देण्याची जी ठराविक पद्धत होती, तिच्यावरून कॅलिफोर्नियांतील कायझर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेनें २००० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत चार वाक्यांचा एक सांचा तयार केला : काय घडलें, मागील हकीकत काय, मला काय वाटतें, आणि मला काय हवें. यांतील चौथें वाक्य मोलाचें आहे. कनिष्ठानें वरिष्ठाकडे स्पष्ट मागणी करणें हा त्यामुळें उद्धटपणा न राहतां कर्तव्य झालें.

परंतु निरोप देण्याची रीत ठरली, तरी तो कोणाला द्यावयाचा हें ठरलें पाहिजे. १० सप्टेंबर २०१७ रोजीं ‘इर्मा’ हें चक्रीवादळ फ्लॉरिडावर आलें, आणि तेथील हॉलिवूड या शहरांतील – चित्रपटांचें हॉलिवूड तें नव्हे – एका शुश्रूषागृहाच्या वातानुकूलनाची वीज गेली. दिवे मात्र चालू होते. आंत १४० च्या आसपास वृद्ध होते. चालकांनीं वीजकंपनीला वारंवार टेलिफोन केले. गव्हर्नरांनीं दिलेल्या क्रमांकावरही निरोप ठेवले. मदत येईल या आशेवर दिवस गेले, आणि उष्मा वाढत गेला. तिसऱ्या रात्रीच्या अखेरीस, १३ तारखेच्या पहाटे, एकामागून एक वृद्ध कोसळूं लागले, तेव्हां रुग्णवाहिकेला हाका गेल्या. आणि मोठें रुग्णालय होतें कोठें? रस्त्याच्या पलीकडे! तेथील लोक रस्ता ओलांडून आले, आणि तें घर रिकामें झालें. पुढें १२ मृत्यु मनुष्यवध म्हणून नोंदले गेले. रुग्णांचें तापमान सुरक्षित असल्याच्या नोंदी मागाहून लिहिल्या गेल्या, आणि तेच रुग्ण पलीकडे १०८ अंश फॅरनहाइटहून अधिक तापमानानें मरत होते, असा ठपका राज्याच्या आरोग्यखात्यानें ठेवला.

खटले झाले. परिचारिकांवरील आरोप मागें घेतले गेले; २०२३ सालीं व्यवस्थापकही निर्दोष सुटले. कायद्यानें कोणीच दोषी ठरलें नाहीं, म्हणूनच ही हकीकत अधिक विचार करावयास लावते. त्या घरांत कोणी मुके बसलें नव्हतें. निरोप सारखे जात होते. पण ते अशा ठिकाणीं जात होते, जेथून कोणी येत नव्हतें. उष्मा अमुक अंशांवर गेला कीं वाट पाहणें संपलें, आतां रस्ता ओलांडावयाचा, हा शब्द वेळेवर उच्चारला गेला नाहीं.

२०१८ सालीं फ्लॉरिडानें अशा गृहांना जनित्र आणि इंधन ठेवणें सक्तीचें केलें. तें योग्यच झालें. पण जनित्राचा कायदा करतां येतो. जिव्हाळ्याचा आणि जागरूकतेचा करतां येत नाहीं. म्हणून, श्रोतेहो, आपलीं वडील माणसें परक्या हातीं सोंपवितांना खोली हवेशीर आहे कीं नाहीं हें अवश्य पाहावें. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : रात्रीं दोन वाजतां येथें कोण कोणाला हाक मारील, आणि ओ मिळाली नाहीं, तर त्यानंतर कोणाला?