सळई, तार आणि रेलून चालवायची सायकल

१/ सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे ज्यांच्या कानांत अजून आहेत, त्यांना काळ्या, उंच, जड सायकलीही आठवत असतील. त्यांचे ब्रेक सळईचे. हँडलखालची दांडी दाबली की सळई वर ओढली जाई आणि रबरी गुटके रिमला आतल्या बाजूने भिडत. रचना दणकट, पण सळई वळत नाही, आणि तिच्या या ताठरपणाने सायकलीचा घाटही बांधून ठेवला होता.

२/ १८९६ साली लंडनच्या अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी वळणाऱ्या तारेचे पेटंट घेतले. (रॅलेचे संस्थापक फ्रँक बाउडन हे निराळे; नावाच्या साधर्म्यामुळे श्रेय पुष्कळदा त्यांच्या पदरात पडते.)

३/ या तारेचे मर्म तिच्या आवरणात आहे. आतली वायर ओढली जाते तेव्हा बाहेरचे आवरण तितक्याच जोराने दाबले जाते. म्हणून आवरणाच्या दोन्ही टोकांना अचल आधार लागतो.

४/ आता सायकलीचा घाट बदलणे शक्य झाले. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर यांनी शार्ल मोशे यांच्या सायकलीवर, मागे रेलून आणि पाय पुढे करून, तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. ऑस्कर एग यांचा १९१४चा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी केली की ही रिकम्बंट बाहेर पडली. हरवता आले नाही, तेव्हा नियमाने हटवले, असेच म्हणावे लागते.

५/ १९५०च्या दशकात फ्रान्सच्या माफाक कंपनीचे सेंटर-पुल ब्रेक गाजले. दोन भुजा, प्रत्येकीची स्वतंत्र खीळ, दोहोंना जोडणारी आखूड तार आणि तिला मधोमध वर ओढणारी मुख्य वायर. मात्र मुख्य वायरचे आवरण ब्रेकच्या वर, फ्रेमवरच थांबले पाहिजे. साध्या सायकलीत मागच्या ब्रेकसाठी हा आधार सीटच्या बोल्टला टांगता येतो. रिकम्बंटमध्ये तो बोल्ट त्या जागी नसतोच!

६/ तेव्हा सोलापुरात कुणी अशी सायकल जोडून घेत असेल, तर मागच्या चाकावर, ब्रेकच्या नेमक्या मध्यरेषेत, जाड पट्टीचा आधार वेल्डिंगने बसवून घ्यावा. हँडलपासून मागच्या चाकापर्यंतची वाट लांब. सरळ टप्प्यांत नळीवर थांबे देऊन वायर उघडी ठेवावी, वळणे मोठी घ्यावीत. पट्टी पातळ राहिली तर हाताचा जोर तिला वाकवण्यातच खर्ची पडतो, आणि ब्रेकची दांडी हँडलला टेकली तरी चाक फिरतच राहते.