सगळे विषय पास, तरी डिप्लोमा नाही! अमेरिकेतली राज्यं ‘एक्झिट एक्झाम’ का बंद करत आहेत?

बारावीपर्यंतचे सगळे विषय पास, हजेरी पूर्ण, शिक्षकांची तक्रार नाही. तरीही हायस्कूलचा डिप्लोमा मिळत नाही, कारण राज्याच्या एका परीक्षेत मार्क कमी पडले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात दरवर्षी साधारण ७०० विद्यार्थ्यांवर ही वेळ येत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी ही अट रद्द केली. न्यूयॉर्कही त्याच वाटेवर आहे. हा बदल नेमका काय आहे?

एक्झिट एक्झाम म्हणजे काय?

आपल्याकडे दहावी-बारावीचा निकाल बोर्डाच्या परीक्षेवर लागतो. अमेरिकेत तसं नाही. तिथे नववी ते बारावी या चार वर्षांत ठरावीक विषय घेऊन त्यांचे क्रेडिट जमवावे लागतात आणि डिप्लोमा स्थानिक शाळेकडून मिळतो. काही राज्यांनी यावर आणखी एक अट घातली, ती म्हणजे राज्याची परीक्षा पास होण्याची. हीच एक्झिट एक्झाम. तिचे मार्क मेरिट लिस्टसाठी नसतात. पास की नापास, एवढाच प्रश्न असतो.

ही अट आली कुठून?

एकाच राज्यातल्या श्रीमंत आणि गरीब भागांतल्या शाळांच्या दर्जात मोठी तफावत होती. डिप्लोमा हातात असूनही नीट वाचता येत नाही, साधं गणित जमत नाही, अशी तक्रार होती. मॅसॅच्युसेट्सने १९९३ मध्ये शिक्षण सुधारणा कायदा केला. शाळांना जास्त निधी मिळाला, पण त्याबरोबर एमसीएएस ही परीक्षाही आली. २००३ च्या बॅचपासून ती डिप्लोमासाठी सक्तीची झाली. पुढे अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या राज्यांत अशा परीक्षा होत्या. आता अशी राज्यं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

मग विरोध का?

मॅसॅच्युसेट्समध्ये ही परीक्षा दहावीत होते आणि नापास झाल्यास पुन्हा देता येते. त्यामुळे बहुतेक मुलं शेवटी पास व्हायची. अडकायची ती मुख्यतः दोन गटांतली मुलं : नुकतीच दुसऱ्या देशातून आलेली, इंग्रजी शिकत असलेली मुलं आणि दिव्यांग विद्यार्थी. डिप्लोमा नसेल तर अनेक नोकऱ्यांचे दरवाजे बंद होतात, कॉलेजचा रस्ताही अवघड होतो. वर्गात फक्त परीक्षेपुरतं शिकवलं जातं, असाही शिक्षकांचा आक्षेप होता. म्हणूनच मॅसॅच्युसेट्स टीचर्स असोसिएशन या संघटनेने हा मुद्दा मतदानापर्यंत नेला. सुमारे ५९ टक्के मतदारांनी बदलाच्या बाजूने कौल दिला.

परीक्षाच बंद झाली का?

नाही, आणि इथेच अनेकांचा गोंधळ होतो. संघीय कायद्यानुसार राज्यांना तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा गणित आणि भाषेची चाचणी घ्यावीच लागते. त्यामुळे एमसीएएस सुरूच आहे. फक्त त्यात नापास झाल्यामुळे डिप्लोमा अडत नाही.

न्यूयॉर्क आणि इतर राज्यांत काय?

न्यूयॉर्कच्या रीजंट्स परीक्षांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. डिप्लोमासाठी साधारण पाच परीक्षांत प्रत्येकी ६५ गुण लागतात. २०२७-२८ या शैक्षणिक वर्षापासून ही सक्ती काढण्याची योजना आहे. परीक्षा राहतील, पण आपलं कौशल्य दाखवण्याच्या अनेक मार्गांपैकी एक म्हणून. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्येच अशी परीक्षा स्थगित केली आणि केवळ त्या परीक्षेमुळे अडकलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनाही डिप्लोमा देण्याची सोय केली. टेक्सासने मधला मार्ग काढला. तिथे पाचपैकी दोन परीक्षांपर्यंत नापास झालेल्या विद्यार्थ्याचा निर्णय शाळेतली समिती घेऊ शकते.

विरोधकांचं म्हणणं काय?

मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नर मॉरा हीली या बदलाच्या विरोधात होत्या. राज्यभर एकच मोजपट्टी नसेल, तर प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट आपापले निकष लावेल. मग एका गावचा डिप्लोमा दुसऱ्या गावच्या डिप्लोमाइतकाच दर्जेदार आहे, हे कसं ठरवायचं? तयारी कच्ची असताना मुलांना पुढे ढकललं, तर त्याचा फटका गरीब वस्तीतल्या मुलांनाच बसेल, अशी ही भीती आहे.

पुढे काय?

मतदारांचा कौल लागल्यावर हीली यांनी जानेवारी २०२५ मध्ये नवे राज्यव्यापी निकष सुचवण्यासाठी समिती नेमली. प्रोजेक्ट, सादरीकरण, पोर्टफोलिओ असे पर्याय अमेरिकेत चर्चेत आहेत. पण ते तपासायला शिक्षकांचा वेळ लागतो आणि सगळीकडे सारखी तपासणी होईल याची खात्री देणं कठीण असतं. एका परीक्षेवर मुलाचं भविष्य टांगू नये, यावर मॅसॅच्युसेट्सच्या बहुसंख्य मतदारांचं एकमत झालं. तिच्या जागी काय आणायचं, यावर मात्र अजून एकमत नाही.