ऋतुकालाच्या रात्री : बारा कीं सोळा ?

गर्भ कोणत्या रात्रीं राहिला यावरून अपत्याचें लिंग, आयुष्य व भाग्य ठरतें, ही समजूत आपल्या धर्मशास्त्रांत, वैद्यकांत व ज्योतिषांत खोल रुजलेली आहे. ज्योतिषाचा भाग येथें सोडतों; वराहमिहिरानें बृहज्जातकांत निषेकास स्वतंत्र अध्याय दिला आहे, तो जिज्ञासूंनीं पाहावा. आमचा प्रश्न लहान आहे. ऋतुकाल रजोदर्शनापासून किती रात्रींचा ?

मनु व याज्ञवल्क्य सोळा रात्री सांगतात. त्यांतील पहिल्या चार, अकरावी व तेरावी मनूनें निंद्य ठरविल्या. सुश्रुत मात्र बाराच रात्री मानतो. सोळांतून चार वजा केल्या कीं बारा उरतात, सबब विरोध नाहीं, असें आम्हीही पुष्कळ दिवस समजत होतों. तें टिकत नाहीं. वाग्भटानें अष्टांगहृदयांत बारा रात्री सांगून त्यांतीलच पहिल्या तीन व अकरावी वर्ज्य केल्या. म्हणजे वर्ज्य रात्री बारांच्या पोटांतच आहेत. सुश्रुतही तेराव्या रात्रीपासून पुढें निषेध करतो. तेव्हां वैद्यांची मर्यादा बाराव्या रात्रीं संपते, स्मृतिकारांची सोळाव्या.

सम रात्रीं पुत्र व विषम रात्रीं कन्या, यावर मात्र सर्वांचें एकमत. सुश्रुत तर चौथीपासून बारावीपर्यंत उत्तरोत्तर रात्रींस अधिक आयुरारोग्य जोडतो. मनूचा पूर्ण भरंवसा या गणितावर नसावा. कारण लगेच पुढच्या श्लोकांत तो पित्याच्या बीजाच्या आधिक्यास पुत्राचें कारण म्हणतो. दोन मतें शेजारीं ठेवून तो मोकळा झाला !

हा वाद केवळ पोथ्यांतला राहिला नाहीं. १८९१ सालीं संमतिवय दहावरून बारा वर्षें करण्याचा कायदा झाला, तेव्हां प्रथम ऋतूंतच गर्भाधान न केल्यास धर्मलोप होतो, असा विरोधकांचा आक्षेप होता. डॉ. भांडारकरांनीं शास्त्रवचनें काढून तसें बंधन नाहीं असें दाखविलें. रात्रींच्या हिशेबामागें अल्पवयी मुलींचे देह उभे होते, हें संशोधकानें विसरूं नये.

जपानांत ओगिनो यांनीं १९२४ त व पुढें ऑस्ट्रियांत क्नाउस यांनीं दाखविलें कीं, स्त्रीबीज पुढील रजोदर्शनाच्या सुमारें चौदा दिवस आधीं सुटतें. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रांत तो दिवस चौदावा. मनूच्या मुदतींत बसणारा, वैद्यांच्या नव्हे. १९९५ च्या एका अमेरिकन अभ्यासांत गर्भ त्या दिवसासह आधींच्या पांच दिवसांतच राहिलेला आढळला, आणि दिवसाचा व लिंगाचा कांहींही संबंध दिसला नाहीं. या सहांपैकीं आरंभींचे दिवस वैद्यांच्या बारांतही येतात. त्यामुळें त्यांचा नियम पाळणाऱ्यांनाही अपत्यें होत राहिलीं व चूक उघडकीस आली नसावी, असा आमचा तर्क आहे.

ज्यांच्या संग्रहीं सुश्रुतसंहितेच्या जुन्या पोथ्या असतील त्यांनीं शारीरस्थानाच्या दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांतील रात्रींचे आंकडे पडताळून पाहावे. तेराव्या रात्रीच्या जागीं निराळा पाठ निघाल्यास वरील विवेचन आम्हांस बदलावें लागेल.